बंधारा, गाळ आणि पक्षी : नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्याचे काम १९०७ साली सुरू झाले आणि १९११ पर्यंत पुरे झाले. बंधाऱ्यामागे पसरलेले उथळ पाणी, त्यातली गाळाची बेटे, पाणकणसाची बने आणि काठची चिखलपट्टी मिळून जी पाणथळ तयार झाली, ती आज महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून ओळखली जाते. ती कोणी आखली नव्हती. बंधारा बांधणाऱ्यांना हवे होते कालव्यांसाठी पाणी. पक्ष्यांचा विचार त्या आराखड्यात कुठेही नव्हता, आणि ज्या गाळामुळे पक्षी आले तो गाळ तर अभियंत्यांच्या लेखी निव्वळ डोकेदुखी होता.

गाळ मात्र इथे बंधाऱ्याच्या कितीतरी आधीपासून साचत आला आहे. सह्याद्री सोडून सपाटीवर आलेली गोदावरी निफाडच्या काळ्या रानात शिरताना मंदावते. तिच्या काठच्या जुन्या थरांत वाळू, गोटे आणि पिवळसर माती एकावर एक रचलेली दिसते. याच थरांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका नामशेष महाकाय हत्तीची कवटी मिळाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. गोदावरीच्या या वरच्या खोऱ्यात अश्मयुगीन माणसाचीही दगडी हत्यारे सापडली. नाशिकजवळच्या गंगावाडीच्या शोधांवर आधारलेले ह. धी. सांकलिया यांचे ‘गोदावरी पॅलिओलिथिक इंडस्ट्री’ हे पुस्तक १९५२ साली निघाले आणि महाराष्ट्राच्या प्रागितिहासाच्या अभ्यासात ते पायाभूत ठरले.

लोकांच्या आठवणीत हे ठिकाण वेगळ्याच कथेने बांधलेले आहे. पंचवटीहून मारीच मृगामागे निघालेल्या रामाने इथून बाण सोडला, असे परिसरात सांगतात. मृगव्याधेश्वराचे मंदिर त्याच कथेचे आहे. मृगाची काया खाली गोदावरी-प्रवरेच्या संगमावर पडली म्हणून त्या गावाचे नाव कायगाव, असा या कथेचा पुढचा धागा. नदीच्या उजव्या-डाव्या काठाची बरीच गावे अशी देवळांनी आणि घाटांनी भरलेली आहेत. थोडे वरच्या अंगाला असलेले चांदोरी हे पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे यांचे गाव. तिथे गोदापात्रातच जुन्या दगडी देवळांचा समूह आहे आणि तो वर्षाचा बहुतेक काळ पाण्याखाली असतो. बंधाऱ्याचा फुगवटा तिथवर पोचतो. दुरुस्तीसाठी किंवा टंचाईत पाणी उतरले की शिखरे, मग मंडप, मग नंदी असे एकेक वर येते. आसपासची माणसे ते बघायला लोटतात, आणि आवर्तनाचे, म्हणजे कालव्यांसाठी पाळीने सोडलेले, पाणी आले की सारे पुन्हा बुडते. बंधाऱ्याने नदीची पातळी किती बदलली हे सांगायला याहून चांगली खूण नाही.

बंधाऱ्याची गरज दुष्काळातून आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी नाशिक-अहमदनगरचा पूर्व भाग होरपळून निघाला. सरकारने १९०१ साली कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला. १९०३ साली आलेल्या त्याच्या अहवालात दख्खनच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात संरक्षक सिंचन कामे घेण्यावर भर होता. इथे ‘संरक्षक’ म्हणजे नफ्यासाठी नव्हे, तर दुष्काळी कामांवरचा खर्च वाचावा आणि माणसे-जनावरे जगावीत यासाठी केलेली कामे. निरा, प्रवरा आणि गोदावरी या तिन्ही खोऱ्यांतले मोठे कालवे याच विचाराच्या छायेत वाढले.

गोदावरी कालव्यांची रचना पावसाच्या विषमतेवर बेतलेली आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला असलेल्या कोपरगावला पाचशे मिलिमीटरही धड पडत नाही. तेव्हा पाणी साठवायचे इगतपुरीकडे आणि वापरायचे कोपरगावकडे, हे उघड होते. साठ्यासाठी इगतपुरी तालुक्यात नांदगावला दारणा नदीवर धरण झाले. ते १९१६ साली पुरे झाले आणि त्याच्या जलाशयाला लेक बील हे नाव मिळाले. दारणेतून सोडलेले पाणी कालव्याने नव्हे, नदीपात्रानेच खाली येते. दारणा गोदावरीला मिळते, गोदावरी ते पाणी नांदूर मध्यमेश्वरपर्यंत आणते, आणि तिथे बंधारा पाण्याची पातळी उचलून ते दोन्ही काठांच्या कालव्यांत वळवतो. डावा कालवा सुमारे नव्वद किलोमीटर, उजवा सुमारे एकशे दहा. निफाड, येवला, सिन्नर, कोपरगाव, राहाता अशा तालुक्यांना त्यांचे पाणी मिळते.

म्हणजे नांदूर मध्यमेश्वर हे साठ्याचे धरण कधीच नव्हते. दारणेची क्षमता ७,१४९ दशलक्ष घनफूट धरली जाते. नांदूर मध्यमेश्वरची धरणांच्या रोजच्या तक्त्यात मांडली जाते ती २५७ दशलक्ष घनफूट, म्हणजे अठ्ठावीसपट कमी. बंधाऱ्यामागचे पाणी तसे वाटसरू आहे. ते येते, पातळीवर थांबते आणि कालव्याला लागते. या वाटसरू पाण्यावर पुढे एवढी मोठी जीवसृष्टी उभी राहावी, ही या जागेची खरी गंमत.

कालव्यांचा पहिला अनुभव फारसा उत्साहाचा नव्हता. ज्या वर्षी पाऊस बरा होई त्या वर्षी शेतकरी बाजरी-ज्वारीला पाणी घेत नसे, पाणीपट्टी कशाला भरायची असा साधा हिशेब होता. पाऊस हुकला की मात्र सगळ्यांना एकदम पाणी हवे. असा कालवा चालवणे परवडत नाही. दख्खनच्या कालव्यांवरची ही अडचण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना निरा कालव्यावर हाताळली होती. त्यांची ‘ब्लॉक’ पद्धत त्यातूनच आली. ठरावीक क्षेत्र अनेक वर्षांसाठी पाण्याला बांधून द्यायचे, त्यातला तिसरा हिस्सा उसाला, बाकी हंगामी पिकांना, आणि ऊस दरसाल जागा बदलत फिरवायचा. गोदावरीच्या कालव्यांवरही ब्लॉक आले. ‘ब्लॉकचे पाणी’ हा शब्द कोपरगाव-राहात्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी इतका रुळला की ब्लॉकचे हक्क, त्यांची मुदत आणि नूतनीकरण हा पुढे कित्येक दशके तिथल्या राजकारणाचा विषय राहिला.

ऊस स्थानिक शेतकऱ्याने लगेच उचलला नाही. तो आणला सासवडच्या माळ्यांनी. निरा कालव्यावर बागायतीत हात बसलेली ही मंडळी नव्या कालव्यांमागोमाग सरकत गेली, कोपरगाव आणि प्रवरेच्या पट्ट्यात खंडाने जमिनी घेतल्या, गुऱ्हाळे घातली. पेंड, शेणखत, पाण्याच्या पाळ्या, बेणे निवडणे हे सगळे तंत्र त्यांच्यासोबत आले. १९३० नंतर साखर उद्योगाला संरक्षक जकात मिळाली आणि गुळाच्या जागी साखर आली. १९४० च्या सुमारास सोमैयांच्या गोदावरी शुगर मिल्सने साकरवाडीला कारखाना चालवला. स्वातंत्र्यानंतर कोळपेवाडीसह अनेक ठिकाणी सहकारी कारखाने उभे राहिले. दुष्काळनिवारणासाठी खणलेल्या कालव्याने ऊस पिकवला, आणि ज्वारी-बाजरीच्या गावांना पाण्याचा उरलासुरला वाटाच मिळाला. या सगळ्याचा तपशीलवार हिशेब धनंजयराव गाडगीळ यांनी मांडला आहे. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची त्यांनी केलेली पाहणी गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ साली प्रसिद्ध केली. सिंचनाचा फायदा केवळ पाणीपट्टीतून मोजू नये, हा तिचा मुद्दा नंतरच्या नियोजनात वारंवार वापरला गेला. दोनच वर्षांत सुरू झालेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याशीही गाडगीळांचे नाव जोडले गेले, ते योगायोगाने नव्हे.

भरपूर पाण्याची किंमतही मोजावी लागली. काळ्या, खोल जमिनीत झिरपलेले पाणी निचऱ्याअभावी वर आले आणि कालव्याखालची काही शिवारे चोपण झाली. दख्खनच्या कालव्यांवरील या प्रश्नावर १९१६ पासून पुण्याला स्वतंत्र विभागाने संशोधन सुरू केले. क्लॉड इंग्लिस हे त्यातले प्रमुख अभियंते. निचऱ्याचे चर, भूजलपातळीची नोंद आणि जमिनीच्या थरांचा अभ्यास यांवरचे त्यांचे काम पुढे खडकवासल्याच्या जल संशोधन केंद्राच्या उभारणीला उपयोगी पडले.

कालव्याखाली हे घडत असताना बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला दुसरीच प्रक्रिया चालू होती. पावसाळ्यात गोदावरी आणि कादवा गढूळ होऊन येतात. नांगरलेल्या शेतांची, ओघळींची, तुटलेल्या काठांची माती त्यांत असते. वाहते पाणी बंधाऱ्यामागच्या रुंद पात्रात शिरले की त्याचा जोर कमी होतो आणि माती खाली बसते. आधी जड वाळू, मग बारीक पोयटा. बंधारा पातळी धरून ठेवतो, म्हणून हे दर पावसाळ्यात घडते. काही दशकांत पात्राचा मधला भाग वर उचलला गेला, त्यावर गवत धरले, मग बाभळी उगवल्या, आणि पाण्याला फाटे फुटले. उथळ ठिकाणी पाणकणीस आणि लव्हाळा आला, थोड्या खोल पाण्यात पाणवनस्पती आणि शेवाळ. काठी रोवली तर कुठे गुडघाभर, कुठे कमरेएवढे, आणि मूळ प्रवाहाच्या ओळीत मात्र बुडेल एवढे खोल, अशी या पात्राची तऱ्हा झाली.

पक्ष्यांना नेमके हेच लागते. खोल धरणाच्या निळ्या पाण्यावर बदके फार तर विश्रांतीला उतरतात. तिथे तळाशी पोचता येत नाही. नांदूर मध्यमेश्वरला दर हातभर खोलीला वेगळे गिऱ्हाईक आहे. तलवार बदक डोके पाण्यात आणि शेपूट आकाशात करून तळातले बी टिपते, थापट्या रुंद चोचीने पृष्ठभाग गाळत जातो. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर चिखलाच्या कडेने फिरतो, चमचा अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत मासळी चाचपतो. कमळपक्ष्याची लांब बोटे पाणवेलींवर भार वाटून घेतात. जांभळी पाणकोंबडी कणसाच्या बनातून बाहेर येते, एका पायात देठ धरून सोलते आणि चाहूल लागताच आत शिरते. वरून मार्श हॅरियर या शिकारी पक्ष्याची घिरटी आली की चांदव्यांचा सगळा थवा पाणी उडवत एका बाजूला दाटतो. हिवाळ्यात चक्रवाक, क्रौंच आणि कित्येक जातींची बदके मध्य आशियाच्या स्थलांतरमार्गाने इथे उतरतात. स्थानिक आणि स्थलांतरित मिळून अडीचशेहून अधिक जातींच्या नोंदी इथल्या आहेत.

पक्ष्यांच्या या वर्दळीला पाणीवाटपाचे वेळापत्रकही जोडलेले आहे, आणि ते क्वचितच लक्षात घेतले जाते. कालव्याचे आवर्तन सुरू असताना वरून पाणी येत राहते आणि बंधाऱ्याची पातळी टिकते. आवर्तन संपले की पातळी हळूहळू उतरते, चिखलाची नवी पट्टी उघडी पडते, त्यातले किडे-गोगलगायी वर येतात आणि चिखलपक्षी त्या कडेवर ओळ धरतात. पातळी पुन्हा वाढली की तीच पट्टी बदकांची होते. अशी उघडझाप रब्बी हंगामात, म्हणजे नेमक्या स्थलांतराच्या महिन्यांत चालते. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा नीचांकी पारा दर हिवाळ्यात बातमी होतो. गव्हाला मानवणारा हा गारठा पाहुण्या पक्ष्यांनाही जड जात नाही. पाणी उतरलेल्या काठाला माणसेही सोडत नाहीत. गाळपेराच्या जमिनीत ओलीवर पीक घेण्याची रीत इथे जुनी आहे, आणि भोई-कोळ्यांची मासेमारी त्याहून जुनी.

पक्षिनिरीक्षकांचे लक्ष या जागेकडे उशिरा गेले. १९८० च्या दशकात सलीम अली इथे आले आणि त्यांनी तिला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. ही उपमा त्यांना वाटली असेल त्याहूनही अचूक होती, कारण भरतपूरचे केवलादेवही मुळात मानवनिर्मितच. तिथल्या संस्थानिकांनी अजान बंधाऱ्याचे पाणी सखल भागात फिरवून ते घडवले. १९८६ साली राज्य सरकारने नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र सुमारे शंभर चौरस किलोमीटर.

या आकड्यात पुढच्या तंट्याचे मूळ आहे. शंभर चौरस किलोमीटरमध्ये पाणी आणि दलदल थोडी, शेती आणि गावठाणे जास्त. खानगाव थडी, चापडगाव, मांजरगाव, कोठुरे, करंजगाव, म्हाळसाकोरे अशा गावांची शिवारे हद्दीत किंवा हद्दीला लागून आली. मालकी शेतकऱ्याची, पाणी पाटबंधारे खात्याचे, पक्षी वन्यजीव विभागाचे, अशी तिहेरी व्यवस्था झाली. अभयारण्य म्हटले की शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो विहीर खोदायला, पाइपलाइन टाकायला, बांधकाम करायला परवानगी लागेल काय हा, आणि तो अनाठायी म्हणता येत नाही. ऊस वाढला तसा बिबट्याही उसात वस्तीला आला आणि निफाड तालुक्यात माणूस-बिबट्या संघर्ष नित्याचा झाला. दुसरीकडे चापडगावला निरीक्षण मनोरे उभे राहिले, गावातली मुले पक्षी ओळखायला शिकून मार्गदर्शक झाली, आणि हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी दुर्बिणी भाड्याने देण्याचा व्यवसाय गावात रुजला.

गाळाचे राजकारण त्याहून कठीण आहे. पात्र उथळ झाले, बेटांवर बाभळी माजल्या, म्हणून मोठ्या पुरात पाणी मागे तुंबते आणि सायखेडा-चांदोरीच्या बाजारपेठा बुडतात, ही वरच्या गावांची तक्रार. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत या दोन्ही गावांनी पाणी घरात घेतले. गाळ काढा, झाडे तोडा, दरवाजे वाढवा, या मागण्या प्रत्येक पुरानंतर होतात. गाळ काढला तर मात्र पाणी खोल होणार आणि उथळपणावर जगणारी पक्ष्यांची पंगत उठणार. मुख्य प्रवाहापुरता गाळ काढून बेटे राखणे हा मधला मार्ग कागदावर सोपा आहे. प्रत्यक्षात दावेदार तीन, हंगाम एक, आणि उन्हाळ्यात पात्र कोरडे करायचे तर कालव्याखालच्या आणि पिण्याच्या पाण्याचे नियोजन आडवे येते. त्यात नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीने खाली येते. पोषक द्रव्यांनी जड झालेल्या त्या पाण्यावर जलपर्णी फोफावते. तिचा हिरवा गालिचा कमळपक्ष्याला चालतो, पण त्याखाली प्राणवायू घटतो, मासे आणि पाणवनस्पती मरतात आणि बदकांना उतरायला उघडे पाणी राहत नाही.

बंधाऱ्यावर खालूनही ताण आला. १९७६ साली खाली मराठवाड्यात गोदावरीवरचे पैठणचे जायकवाडी धरण राष्ट्राला अर्पण झाले आणि वरच्या खोऱ्याचे पाणी हा नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा वाद झाला. पावसाळ्यात नांदूर मध्यमेश्वरमधून किती क्युसेक विसर्ग सुटला, हा आकडा मराठवाड्यात पाऊस मोजण्याइतक्याच उत्सुकतेने वाचला जातो. मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूर तालुक्यांसाठी इथूनच जलद कालवा काढण्यात आला. त्याच्या साठ्यासाठी इगतपुरी तालुक्यात मुकणे, भावली, वाकी आणि भाम ही धरणे बांधली गेली. या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश दिला. त्यानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे ठरले. अशा वर्षी नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचे आणि दारणा समूहाचे पाणी याच बंधाऱ्यावरून खाली जाते, आणि पक्षी येण्याच्या ऐन सुरुवातीला पातळीत मोठा चढउतार होतो.

रामसर यादीत या पाणथळीचा समावेश २०१९ साली झाला आणि जानेवारी २०२० मध्ये तो जाहीर करण्यात आला. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली झालेल्या पाणथळींविषयीच्या करारात भारत १९८२ साली सामील झाला होता, तरी महाराष्ट्राच्या वाट्याला एकही स्थळ आले नव्हते. लोणार आणि ठाणे खाडी यांचे क्रमांक नांदूर मध्यमेश्वरनंतर लागले. नोंदीत देवळाली परिसरात प्रथम सापडलेल्या एका अतिसंकटग्रस्त माशाचा उल्लेख आहे, चंदनाचा आहे, पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचाही आहे. रामसर स्थळाचे क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे अभयारण्याच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतके. प्रत्यक्ष पाणथळीपुरती आखलेली ही हद्द १९८६ च्या अधिसूचनेतल्या हद्दीपेक्षा जमिनीच्या वस्तुस्थितीला जास्त जवळची आहे, आणि शेतकरी, पाटबंधारे खाते व वन्यजीव विभाग यांच्यातल्या पुढच्या वाटाघाटी याच दोन आकड्यांच्या मधल्या जमिनीवर होत आहेत.